पोराकडचं मोठं माणूस

सिल्वासाजवळच्या मसाटच्या त्या कारखान्यात वाऱ्याला मज्जाव होता. खिडक्यांवर पत्रे ठोकलेले, दाराला गोणपाटाचा जाड पडदा. एवढं करूनही कुणी घाईत पडदा वर टाकून गेलाच, तर चिंधा असेल तिथून ओरडायचा, "पडदा पाड रे, फुगा नाचतोय!"

फुगा प्लास्टिकचा. दाणा मशीनच्या पोटात वितळायचा आणि गोल तोंडातून नळीसारखा वर यायचा. आत हवा भरली की तीच नळी फुगून दोन मजले उंच चढायची, वरच्या रुळांत चपटी होऊन दुसऱ्या अंगानं खाली यायची आणि पाइपावर गुंडाळली जायची. नुसती झुळूक लागली तरी फुगा डुलायला लागे, मग शीट एकीकडे जाड, एकीकडे पातळ. साक्रीकडून चिंधा सिल्वासाला आला तेव्हा कावेरी आईच्या कडेवर होती. तेव्हापासून वारा बाहेर ठेवायचा, एवढंच त्याचं काम. मशीनचं तोंड पितळी पट्टीनं खरवडता खरवडता भाजून त्याच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. तरी माणूस त्या फुग्यात गुंगून जायचा. दुपारी छपरातल्या दुधी पत्र्यातून उजेड पडला, की आत कुणीतरी दिवा लावून ठेवलाय असं त्याला वाटे आणि तो तसाच बघत राही. मग सुपरवायझर, नाशिकचे विलास साहेब, मागून येऊन म्हणत, "चिंधा, झोपलात की काय उभ्या उभ्या?"

वर, रुळांजवळच्या मचाणावर, बनमाली असायचा. ओरिसातल्या समुद्राकाठचा पोरगा, काळासावळा, हसला की सगळं तोंड हसायचं. मशीनच्या घरघरीत वरचं खाली ऐकू येत नसे, म्हणून दोघांनी आपसात एक रीत ठरवली होती. बनमाली पान्यानं पाइपावर ठोके द्यायचा. एक ठोका म्हणजे थांबव. दोन सावकाश ठोके म्हणजे सगळं ठीक. हे दोन ठोके ऐकले की चिंधाला दिवस बरा जाईलसं वाटे.

जेवायला बनमाली चिंधाच्याच घरी. आमलीच्या चाळीत चिंधाची बायको आक्काबाई कामगारांची खानावळ चालवायची. भाकरी बनमालीच्या घशाखाली उतरेना, तेव्हा त्यानं लाजत लाजत सांगितलं, की आमच्याकडे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खातात, मीठ नि कांदा घालून. आक्काबाईनं नाक मुरडलं. "आमच्याकडे असा भात ढोरासले घालतस," असं म्हणाली, आणि त्याच दिवसापासून एक पातेलं भिजत घालू लागली. सकाळी ते त्याच्यापुढे कावेरी ठेवायची. ती सूत कारखान्यात पॅकिंगला होती आणि सकाळी तिला उशीर होत असे. पण ते पातेलं ठेवायला तिला कधी उशीर झाला नाही. ही गोष्ट आक्काबाईला पहिल्या महिन्यात कळली. चिंधाला कळायला दोन पावसाळे गेले.

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी खानावळीत वादळांवरून जुंपली. कापड रंगवायच्या डाइंगमध्ये काम करणारा एक आंध्रवाला जेवता जेवता म्हणाला, सत्याहत्तर सालचं आमचं तुफान सगळ्यात मोठं, गावंच्या गावं गेली. बनमाली म्हणाला, एकाहत्तरचं आमचं त्याहून मोठं. दोघे इरेला पेटले. चिंधाच्या गावचा म्हातारा भाऊबंद झिपरू कोपऱ्यात जेवत होता. जातीतली लग्नं जुळवण्यात त्याचा शब्द चाले. तो खो खो हसला. "अरे, वादळांची कुस्ती लावली की काय? आमच्याकडे दुष्काळांची लावतात."

"आमच्याकडे वय सालात नाही सांगत," बनमाली म्हणाला. "तुफानात सांगतात. आजी एका तुफानात पैदा झाली. माझा बडा भाऊ एकाहत्तरच्या तुफानात गेला. मी त्याच्या नंतरचा."

तो हे अगदी सहज बोलला. वाढणाऱ्या कावेरीचा हात मात्र हवेतच राहिला, आणि चिंधानं तो पाहिला.

"मग सगळ्यात मोठं तुमचंच का?" त्यानं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"कोण जाणे, चिंधाभाई. सबसे बडा तर अजून समुंदराच्या पोटातच असेल." आणि तो पुन्हा जेवायला लागला.

दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घातला, नारळ फुटला, मशीन दिवसभर थंड राहिलं. रिकाम्या शेडमध्ये बनमाली चिंधासमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं कावेरीला मागितलं. घाम आला होता त्याला.

चिंधाला नाही म्हणायचं होतं. पोराबद्दल तक्रार नव्हती. पण झिपरू काय म्हणेल, गावी कोणत्या तोंडानं जायचं, उद्या हा पोरीला घेऊन त्या समुद्राकडे निघून गेला तर? पण रोज आपल्या ताटाशेजारी जेवणाऱ्याला तोंडावर नाही म्हणायला छाती लागते, ती त्याच्याकडे नव्हती. म्हणून त्यानं रीत पुढे केली.

"हे बघ, आमच्यात पोरगा सोता मागाले येत नही. त्याच्या घरचं मोठं माणूस येतं, नारळ घेऊन. दारात पानी घेतं. मग बोलणं होतं. तू तुझं मोठं माणूस घेऊन ये. मग बघू."

देशाच्या त्या टोकाहून इथे कोण मरायला येतंय, असा त्याचा हिशेब. बनमालीचा चेहरा मात्र उजळला.

"बस, इतनाच? बाप नाही, पण मामा आहे ना माझा. आईला पण आणतो. पुनवेच्या पूजेला जातोच आहे."

दुसऱ्याच दिवशी तो वापीहून गाडीत बसला. निघताना कावेरीनं त्याच्या हातात कांदा-भाकरीचं फडकं दिलं. त्याला भाकरी आवडत नाही हे ठाऊक असून दिलं, आणि ते त्यानं छातीशी धरून नेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भात पिवळं पडून कापणीला आलं असताना, ते वादळ आलं. सिल्वासात पान हललं नाही. दमणगंगा आपली गुपचूप वाहत होती. चिंधा पाळी संपवून आमलीत आला तर पानाच्या टपरीपुढे गर्दी, आणि आत टीव्हीवर पांढरं काहीतरी गरगरत होतं. जात्याभोवती पीठ पडतं तसं गोल, आणि मधोमध तसंच भोक, दाणे घालायचं. आंध्रवाला गर्दीत पुढे होता. ओळखीचा दिसल्यावर तो चिंधाचा दंड धरून म्हणाला, "हे सगळ्यांत मोठं. त्या समुद्रात असं आधी मोजलंच नाही म्हणतात. मी हरलो."

कुस्तीत हरलेला माणूस असा रडत नाही. चिंधा तिथून घरी कसा आला ते त्याला कळलं नाही.

घरी बातमी आधीच पोचली होती. कावेरी चुलीपुढे बसली होती, चूल विझलेली.

"आबा, तुम्हाला नाही म्हणायचं होतं ना?" ती वर न बघता म्हणाली. "मग सरळ नाही म्हणायचं. तो इथंच राहिला असता. रडला असता, पण इथं राहिला असता."

चिंधा उंबऱ्यावर बसून राहिला. पोरगी खरं बोलली होती आणि आवाज न चढवता बोलली होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. आक्काबाईनं रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजत घातला. सकाळी कुणी खायला नव्हतं. तिनं तो शेजारच्या बकरीपुढे ओतला, आणि रात्री पुन्हा भिजत घातला. असं ती रोज करू लागली. बंद कर असं तिला म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

मग ओरिसासाठी काळ्या शीटची ऑर्डर आली. छप्पर उडालेल्यांना डोक्यावर घ्यायला. दिवाळीची सुट्टी रद्द झाली, मशीन थंड व्हायचं नाव घेईना. दुधी फुग्याच्या जागी काळा फुगा चढू लागला. त्याच्यात उजेड नव्हता. मान वर करून पाहिलं तर तो छपरालाही भेदून जाईलसा वाटे. मचाणावर नवा माणूस आला होता, कुठलासा. त्याला ठोके माहीत नव्हते. तो वरून नुसता हात हलवायचा आणि चिंधाला ते दिसायचं नाही.

चिंधा पाळीमागून पाळी करू लागला. पाय सुजले, डोळ्यांत दाण्याची वाफ बसली. शीट गुंडाळली जाताना तो तिच्यावर पालथा हात ठेवून उभा राही आणि मधूनमधून ती ट्यूबलाइटपुढे धरून भोक शोधी. टाचणीएवढं भोक सापडलं तरी तेवढा तुकडा कापून टाकी. हमाल हसायचे. "अरे, मोफत वाटायची आहे ती!"

"म्हणूनच," तो म्हणायचा. याच्याखाली बनमाली बसला असेल आणि त्याच्या मानेवर पाणी ठिबकेल, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

एकदा दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो रोलच्या थप्पीला टेकला आणि त्याचा डोळा लागला. स्वप्नात तो काळ्या शीटचं टोक धरून चालत होता. मसाटच्या शेतांवरून, साक्रीच्या माळावरून, त्याच्या वडलांच्या विहिरीवरून ती शीट पसरत गेली आणि पुढे समुद्र लागला. चिंधानं समुद्र कधी पाहिलाच नव्हता, म्हणून तो स्वप्नात पिकल्या भाताच्या रंगाचा होता. चिंधा त्याच्यावर शीट ओढत राहिला. पलीकडचं टोक कुणीतरी धरलेलं होतं, कारण शीट हाताला ताणलेली लागत होती. "कोण शे रे तिकडे?" त्यानं हाक मारली. तिकडून दोन सावकाश ठोके आले.

तो दचकून उठला आणि सरळ पूर्वेच्या खिडकीपाशी गेला. खिळे उपसून त्यानं पत्रा बाजूला सारला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तिकडून काही ऐकू येईल असं वाटलं असेल. वारा आत आला, मंदसाच, कापणीच्या वासाचा. फुगा डोलला, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि फाटून वितळलेला चिखल होऊन खाली बसला.

विलास साहेब धावत आले. "वय झालं असेल तर घरी बसा! एवढी वर्षं दुसऱ्यांना शिकवता आणि तुम्हीच पत्रा काढता?" सगळी शेड बघत होती. चिंधानं मान खाली घालून हातमोजे चढवले, गरम गोळा उपसला, मशीनचं तोंड खरवडलं, नळीला गाठ मारून दोरीनं पुन्हा वर चढवलं. उजव्या हाताचा तळवा भाजला. तो चटका आपल्याला हवाच होता असं त्याला वाटलं.

तुळशीची लग्नं लागली आणि झिपरू घरी आला. घोंगडीवर ऐसपैस बसून त्यानं पान लावलं. नंदुरबारकडचं एक स्थळ आहे म्हणाला, मुलगा वापीला कामाला आहे.

"आणि त्या ओरिसावाल्याचं परस्पर मिटलं, बरंच झालं म्हण चिंधा. तुले वाईटपणा नही आला. आनि समज, जित्ता जरी असला, आते त्याच्या मागं कोण शे? ना घर, ना दार, ना बाप, ना मामा. अशाला पोरगी देतस का कोनी?"

चिंधा आयुष्यात झिपरूपुढे मोठ्यानं बोलला नव्हता. आज बोलला.

"परस्पर नही मिटलं, झिपरूदादा. मी धाडलं त्याले. माले नही म्हनता येईना, म्हनून मी त्याले त्या तुफानात धाडलं. आनि तू पान खात बरं झालं म्हनतोस?"

झिपरूनं पान तोंडात तसंच धरलं. आत चुलीपाशी बांगड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळानं कावेरी बाहेर आली आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिनं बापापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

दोनतीन दिवसांनी, सकाळच्या पाळीत, फुगा जरा डुलत होता. वरचा माणूस लघवीला गेला होता. चिंधा हवा कमी करत खाली वाकला असताना पाइपावर ठोके पडले. दोन, सावकाश.

चिंधानं वर पाहिलं नाही. रोल आला की कापायचा, नवा पाइप लावायचा, तेवढं त्यानं केलं. हल्ली त्याला जागेपणीही बरंच काही ऐकू येत होतं. फुगा हळूहळू सरळ झाला. पुन्हा दोन ठोके. मग लोखंडी शिडीवरून कुणीतरी उतरलं आणि समोर येऊन उभं राहिलं.

बनमालीच्या अंगात मदतीत वाटलेला कुणाचातरी, खांद्यात सैल सदरा होता. गालफडं आत गेलेली. सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून छातीवरचे ओरखडे दिसत होते, वाळून काळे झालेले, खरबरीत झाडाला मिठी मारून राहिल्याचे.

"फुगा नाचत होता," तो म्हणाला. "वर कोणी नव्हतं. म्हणून चढलो."

चिंधानं भाजका तळवा त्याच्या तोंडावरून फिरवला. केसांवरून, कानांवरून. मशीन घरघरत होतं म्हणून बरं, त्याचा हुंदका कुणाला ऐकू गेला नाही.

बाहेर बाभळीखाली बसून बनमालीनं सांगितलं. थोडंच सांगितलं. मामा यायला तयार होता. इतक्या लांब आगगाडीत बसायचं म्हणून लहान पोरासारखा खूश होता. नारळ घरच्याच झाडाचा काढून ठेवला होता. मग वारा आला, आणि वाऱ्याच्या मागून समुद्र आला. आई नाही. मामा नाही. वाडीतल्या म्हाताऱ्यांपैकी कोणीच नाही.

"माझी पेटी घ्यायला आलोय, चिंधाभाई. सुरतला जातो. घरी नाही येत." तो पायानं माती उकरत होता. "तुम्ही सांगितलं होतं मोठं माणूस आण. माझ्याकडे आता मोठं माणूस नाही."

तो हे तक्रारीनं बोलला नाही, याचाच चिंधाला जास्त त्रास झाला. मग तो उठला, आत जाऊन विलास साहेबांपुढे उभा राहिला आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

"का हो? ऑर्डर पडलीय."

"घरी पाहुणे यायचेत, साहेब."

"कोण पाहुणे?"

"सोयरीकीचे."

चिंधानं आजवर कधी रजा मागितली नव्हती. साहेब त्याच्या तोंडाकडे बघत राहिले आणि "जा" म्हणाले. नळावर चिंधानं हातपाय, तोंड धुतलं, बनमालीलाही धुवायला लावलं. आमलीच्या बाजारात एक नारळ घेतला, हलवून, कानाशी धरून, पाण्याचा आवाज ऐकून. चाळीच्या तोंडाशी आल्यावर त्यानं डोक्याची टोपी झटकून पुन्हा घातली.

"तू मन्हा मागे चाल," तो म्हणाला. "आनि बोलू नको. पोरगा बोलत नही आमच्यात."

दार उघडंच होतं. आत झिपरू आला होता. त्या दिवशीचं बोलणं त्याच्याही जिवाला लागलं होतं, म्हणून समजूत काढायला आला असावा. आक्काबाई तांदूळ निवडत होती. चिंधा आपल्याच उंबऱ्याबाहेर थांबला. ज्या दारातून तो इतकी वर्षं न विचारता आत-बाहेर करत होता, त्या दाराची कडी त्यानं वाजवली.

"घरमा कोनी शे का?"

आक्काबाईनं मान वर केली. आधी तिला नवऱ्याच्या मागे उभा असलेला बनमाली दिसला आणि सूप तिच्या हातून निसटलं. तांदूळ जमिनीवर पसरले. ती उठून धावणार, तोच चिंधानं हात वर केला.

"थांब. पावनं दारात शेतस. पानी दे आधी."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. टोपीकडे, हातातल्या नारळाकडे, उंबऱ्याच्या बाहेर ठेवलेल्या पावलांकडे. तिला सगळं कळलं. डोळे पुसून तिनं पदर सारखा केला आणि तांब्याभर पाणी आणून त्याच्या हातात दिलं, परक्याला देतात तसं, नजर खाली ठेवून. चिंधानं पायांवर पाणी घेतलं, चूळ भरली, आणि आत येऊन नेहमीच्या जागी न बसता दाराकडच्या पाहुण्यांच्या बाजूला घोंगडीवर बसला. बनमाली त्याच्या मागे टेकला. आतल्या पडद्याला धरून कावेरी उभी होती.

"कसं येणं केलं?" आक्काबाईनं रीतीप्रमाणं विचारलं.

"आमच्या पोरासाठी तुमची पोर मागाले उनू." चिंधानं नारळ मध्ये ठेवला.

"पोरीच्या बापाला विचारावं लागेल. तो कामावर गेलाय."

"त्याले मी ओळखतो. हेकट माणूस शे. भित्रा शे. पन आते तो नही म्हनणार नही."

आक्काबाई हसली का रडली, कळलं नाही. झिपरू मात्र सरळ होऊन बसला होता. म्हातारा रीतीचा पक्का. पोरीकडचा मोठा म्हणून आता बोलायची पाळी त्याची आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं घसा खाकरला. त्या दिवशी विचारलेलाच प्रश्न त्याला पुन्हा विचारायचा होता, कारण बोलणीत तो विचारावाच लागतो. या वेळी त्यानं तो हळू आवाजात विचारला, उत्तर ऐकायचंच आहे अशा डोळ्यांनी.

"पोराच्या मागं कोण शे?"

चिंधानं मागे हात नेऊन बनमालीचा गुडघा धरला.

"मी शे," तो म्हणाला.

झिपरूनं नारळ उचलून आक्काबाईच्या ओटीत घातला. सकाळी बकरीपुढे ओतायचा राहिलेला भात चुलीमागे पातेल्यात तसाच होता. कावेरीनं पडदा सोडला, पातेलं उचललं, मीठ घातलं, कांदा फोडला, आणि ते नेहमीच्या जागी बनमालीपुढे आणून ठेवलं.